इंदूरच्या गच्चीवरचा टोमॅटो: फुलं का गळतात, पानं का मुरडतात, फळ बुडाशी काळं का पडतं

सुदामा नगरातल्या एका ताईंनी विचारलंय: एप्रिलच्या शेवटी रोपवाटिकेतून टोमॅटोची सहा रोपं आणून गच्चीवर लावली. रोपं कमरेएवढी झाली, फुलंही भरपूर आली, पण सगळी गळाली. दोन रोपांची पानं मुरडून आखडली. चार-दोन फळं धरली, ती बुडाशी काळी पडली. माती शेतातून आणलेली, काळी. शेजारच्या काकूंनी चुन्याची निवळी आणि अंड्याची टरफलं घालायला सांगितली, दुकानदाराने फवारायला एक बाटली दिली. कशानेच फरक पडला नाही. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, त्या दिवशी कुंड्यांना पोटभर पाणी देते, असंही त्यांनी लिहिलंय. शेवटी विचारतात, "आमच्या मातीतच दोष आहे, की टोमॅटो घरी होतच नाही?"

ताई, टोमॅटो घरी होतो, आणि इंदुरात तर फार चांगला होतो. तुमच्या रोपांना तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी झाल्या, म्हणून सगळा घोळ वाटतोय. फुलं गळाली ती उन्हाळ्यामुळे. पानं मुरडली ती विषाणूमुळे. फळ काळं पडलं ते पाण्यामुळे. तिघांना मिळून एक बाटली पुरणार कशी? मी रोपवाटिका चालवते, लोकांच्या गच्च्या आणि अंगणं बघायला जाते. आजारी टोमॅटो दाखवतात तेव्हा मी औषधाचं नंतर बोलते, आधी तीन प्रश्न विचारते: लावलं कधी, मुळांना जागा किती, पाणी कसं देता. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आधी फुलगळ. टोमॅटोचं फळ धरणं दिवसापेक्षाही रात्रीवर अवलंबून असतं. रात्र १५ ते २० अंशांच्या आसपास असली की परागकण नीट तयार होतात आणि फळ धरतं. दिवसा पारा ३५ च्या वर आणि रात्री २३-२४ च्या वर राहिला की परागकण निकामी होतात, आणि फूल देठावरच्या बारीकशा सांध्यातून सुटून पडतं. रात्र १२-१३ च्या खाली गेली तरी फळधारणा मंदावते. माळव्याच्या रात्रीचं कौतुक सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असं म्हणतातच. पण मे महिन्यात तीच रात्र टोमॅटोला गरम पडते. दिवसा चाळिशी, पहाटेही २४-२५ अंश. त्यात गच्चीची फरशी दिवसभर तापलेली, ती रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. एप्रिलअखेर लावलेल्या तुमच्या रोपांना फुलं आली ती ऐन मे-अखेरीस. त्यांनी तुमच्याकडून कितीही लाड करून घेतले असते तरी ती गळणारच होती. फूल टिकवायचे संजीवकांचे (वाढ-संप्रेरकांचे) फवारे मिळतात, पण परागकणच मेलेले असताना त्याने जी फळं अडकतात ती बरेचदा पोकळ आणि वेडीवाकडी निघतात. घरच्या बागेत त्या वाटेला जाऊ नये.

इंदूरसाठी मी दोन लावण्या सांगते. पहिलीचं बी ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरायचं आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रोप कुंडीत लावायचं. तोवर पावसाचा जोर ओसरलेला असतो. ऑक्टोबरच्या अखेरीस फुलं येतात, तेव्हा इथली रात्र १६ ते १८ अंशांवर असते, टोमॅटोला हवी तशी. डिसेंबरच्या सुरुवातीपासून फळं सुरू होतात. दुसरीचं बी नोव्हेंबरच्या अखेरीस पेरून रोप जानेवारीत लावायचं. थंडीत ते महिनाभर बसून राहतं, फेब्रुवारीत एकदम उसळतं आणि मार्च-एप्रिलमध्ये फळं देतं. दोन्हींत पहिली लावणी जास्त भरवशाची. पहिला पाऊस पडला की हात शिवशिवतात, हे मला माहीत आहे, पण जून-जुलैत गच्चीवर टोमॅटो लावू नका. पानं दिवसच्या दिवस ओली राहतात आणि करपा, म्हणजे पानं डागाळून वाळवणारा रोग, रोपाला मोठं होऊ देत नाही. त्या दिवसांत गिलकी, भेंडी, चवळी लावा.

वाणाबद्दल थोडक्यात. पाकिटावर दोन गोष्टी बघा: रोप झुडपी राहणारं आहे की सतत उंच वाढणारं, आणि पानं मुरडण्याच्या विषाणूला ते सहनशील आहे का. झुडपी वाण तीन-साडेतीन फुटांवर थांबतं आणि फळं बरीचशी एकदम देतं. वाढणाऱ्या वाणाला माणसाच्या उंचीचा आधार लागतो, पण ते महिनोन्महिने थोडी थोडी फळं देत राहतं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं 'अर्का रक्षक' हे संकरित वाण पानमुरड विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक म्हणून काढलेलं आहे. नवख्या माणसाला मी तेच सुचवते. प्रतिकारक म्हणजे रोग कधीच होणार नाही असं नव्हे, पण रोप तग धरून उभं राहतं. देशी चव हवी असेल तर एखादं रोप जुन्या आंबटगोड टोमॅटोचं आणि एखादं चेरी टोमॅटोचं ठेवा. चेरी टोमॅटो उन्हाळ्याच्या तोंडावरही बऱ्यापैकी फळ धरतो.

आता मुरडलेली पानं. याला मराठीत बोकड्या म्हणतात, आणि निमाड-माळव्यातले मिरचीवाले त्यांच्या पिकातल्या अशाच रोगाला कुकडा म्हणतात. नवी पानं वरच्या बाजूला मुडपतात, लहान राहतात, कडा पिवळट होतात, दोन पेऱ्यांमधलं अंतर कमी होऊन शेंडा झुबक्यासारखा दिसतो आणि वाढ थांबते. हा विषाणू आहे आणि त्याच्यावर औषध नाही. जगातलं कुठलंही बुरशीनाशक किंवा टॉनिक मुरडलेलं रोप सरळ करत नाही. तो पसरवते पांढरी माशी. रोगट रोपाचा रस पिऊन ती निरोगी रोपावर बसली की काम झालं. म्हणून लढाई माशीशी आहे, आणि तीही रोपाच्या पहिल्या सव्वा-दीड महिन्यात. त्या वयात लागण झाली तर रोप जवळजवळ वायाच जातं; भरपूर फळं धरल्यावर झाली तर नुकसान थोडं.

माशी ओळखायची कशी तेही सांगते. सकाळी ऊन चढायच्या आधी शेंड्याजवळचं तिसरं-चौथं पान हलकेच उलटं करा. खालच्या बाजूला शिरांच्या कडेने मिलिमीटरभर लांबीचे पांढरे किडे बसलेले दिसतील. फांदीला टिचकी मारली की पिठाची चिमूट उधळावी तसे उडतात आणि क्षणात त्याच रोपावर परत येऊन बसतात. भिंग असेल तर त्याच पानावर न हलणारी चपटी, फिकट पिवळी पिल्लंही दिसतील. ती पानाला चिकटून रस पीत असतात, आणि वरवर मारलेला फवारा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. हे रोज बघायची गरज नाही, पण आठवड्यातून दोनदा बघाच.

इंदूरला या माशीचा त्रास विशेष आहे, कारण शहराभोवती चहूकडे सोयाबीन आहे. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक हा विषाणूरोग पसरवते ती हीच माशी. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन पिवळं पडून कापणीला येतं, तेव्हा तिला नवं हिरवं पान हवं असतं, आणि नेमकं त्याच वेळी आपण कोवळी रोपं बाहेर काढतो. म्हणून रोपं जाळीखाली वाढवा, याबाबतीत मी कुणालाच सूट देत नाही. साधी मच्छरदाणी चालत नाही, माशी तिच्यातून सहज जाते. ४० ते ५० मेशची (इंचात तेवढी छिद्रं असलेली) नायलॉनची जाळी घ्यायची, बांबूच्या कामट्या किंवा जाड तारेच्या कमानींवर ताणायची आणि कडा मातीत किंवा विटांखाली दाबायच्या. एवढ्याने रोपं लावणीपर्यंत स्वच्छ राहतात. लावल्यावर दोन-तीन कुंड्यांमागे एक पिवळा चिकट सापळा रोपाच्या शेंड्याच्या उंचीवर टांगा, आणि आठवड्याने एकदा निंबोळी तेल फवारा: लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली तेल आणि १ मिली पातळ साबण, चांगलं घुसळून, संध्याकाळी, पानांच्या खालून. दुपारच्या उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात. आणि ज्या रोपाचा शेंडा मुरडला ते ठेवू नका. पिशवी वरून घालून, माशा न उडवता, मुळासकट काढा. उभं ठेवलेलं एक रोगट रोप बाकीच्या सगळ्यांना लागण देत राहतं. जीव तुटतो, मला कळतं, पण काढा.

तंबाखूचंही सांगून टाकते. घरात कुणी तंबाखू खात असेल किंवा विडी-सिगारेट ओढत असेल, तर साबणाने हात धुतल्याशिवाय त्यांनी टोमॅटोला हात लावू नये. तंबाखूतून टोमॅटोला जाणारा मोझॅक विषाणू वेगळा आहे, तो हातांनी आणि कात्रीने पसरतो. पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे दिसतात आणि पानं अरुंद होतात. बगलफूट (बेचक्यातले फुटवे) काढणारा माळी तंबाखू मळत मळत एका रोपावरून दुसऱ्यावर जातो, हे मी अनेक बंगल्यांत पाहिलं आहे.

आता तुमच्या मातीचं. तुमच्या मातीत दोष नाही. काळी माती शेतात राणी आहे, पण नुसती कुंडीत भरली तर अडचण करते. ओली झाली की फुगते आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. खालून पाणी वाहिलं म्हणून आपण समाधानी, आणि मुळांचा गड्डा मात्र आतून कोरडाच. म्हणून एक भाग काळी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं खत आणि एक भाग जाड वाळू किंवा भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं मिश्रण करा. कुंडीमागे निंबोळी पेंडेची एक मोठी मूठ आणि ट्रायकोडर्माचा (रोगट बुरशीला आवरणाऱ्या उपयोगी बुरशीचा) एक चमचा त्यातच मिसळा. इथली काळी माती मुळातच अल्कधर्मी, सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ. टोमॅटोला ६ ते ७ आवडतो. कुजलेलं खत त्या दिशेने मदत करतं. चुना आणि चुलीची राख उलट दिशेने ढकलतात. कोकणातल्या आंबट लाल मातीत राख उपयोगी पडेल, इथे नको.

खताच्या बाबतीत आपण इंदूरकरांनी परक्या पुस्तकांकडे बघायची गरज नाही. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक होते. आज आपलं कृषी महाविद्यालय आहे त्याच जागी. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी. दोघांनी मिळून शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर लावून, तीन वेळा उलथापालथ करून, तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून शिकवतात. थरातली ती चिमूटभर राख कुजताना तयार होणारं आम्ल मारायला असते, कुंडीत मुठीने घालायची राख वेगळी. यात गल्लत करू नका. आपल्याकडे ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय आता घराघरात आहे, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. झाकणाच्या दोन ड्रममध्ये वाळलेल्या पानांचा जाड थर, त्यावर भाजीच्या देठा-सालींचा पातळ थर, त्यावर मूठभर शेण किंवा जुनं खत, असं भरत जा. ओलं एक भाग तर सुकं दोन भाग. दर पंधरा दिवसांनी हलवा. वास आला तर ओल जास्त झाली असं समजून सुकी पानं वाढवा. मुठीत घेतलं की भुगा होतो आणि मातीसारखाच वास येतो, तेव्हा ते तयार. अर्धवट कुजलेलं शेणखत टोमॅटोच्या मुळांना भाजतं आणि हुमणी आणतं.

कुंडी मोठी हवी. आठ-दहा इंचाच्या शोभेच्या कुंडीत टोमॅटो जगतो, पिकत नाही. रंगाची २० लिटरची बादली चांगली धुऊन, तळाशी सहा-आठ भोकं पाडून वापरली तर उत्तम. एका बादलीत एकच रोप. किंवा १२ इंच रुंद आणि १५ इंच खोल ग्रो बॅग. बादल्या विटांवर ठेवा, म्हणजे तापलेल्या फरशीची धग तळाला लागत नाही आणि पाणीही वाहून जातं. ऊन किमान सहा तास हवं, सकाळचं असेल तर फारच छान.

रोप लावायची रीत जरा नीट बघा, कारण इथे फार फायदा आहे. पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत रोप वीतभर होतं, पेन्सिलीपेक्षा किंचित बारीक देठ, पाच-सहा खरी पानं. शेवटच्या आठवड्यात त्याचं पाणी थोडं कमी करायचं आणि रोज जाळीखालीच जास्त जास्त ऊन दाखवायचं. लावणीच्या दिवशी संध्याकाळी, चार-साडेचारनंतर, खालची दोन-तीन पानं देठाशी चिमटून काढा. बादलीत मिश्रण काठापासून चार इंच खाली ठेवा. मधोमध खोल खड्डा करून रोप पहिल्या राहिलेल्या पानापर्यंत आत उतरवा. म्हणजे अर्ध्याहून जास्त खोड मातीत. टोमॅटोच्या खोडावर बारीक लव असते, तेवढ्या भागातून मातीत नवी मुळं फुटतात, आणि तेच रोप तीन आठवड्यांत दुप्पट ताकदीने पाणी ओढायला लागतं. वांग्या-मिरचीला इतकं खोल लावू नका, ही सोय टोमॅटोचीच. रोपाशेजारी बांबूची काठी त्याच वेळी रोवून टाका. नंतर रोवली तर मुळं तुटतात. रोप इंग्रजी आठच्या आकड्यात सुतळीने सैल बांधा. पाणी घालून माती बसली की वरून वाळलेली पानं किंवा सोयाबीन-गव्हाचा भुसा दोन इंच पसरा, खोडाला न चिकटवता. या आच्छादनाने ओल टिकते, आणि पावसाचे किंवा झारीचे मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडत नाहीत. करप्याची सुरुवात बहुधा त्या शिंतोड्यांतूनच होते.

आणि आता बुडाशी काळं पडलेलं फळ. पुढच्या वेळी असं फळ फेकायच्या आधी उभं कापा. देठाची बाजू निरोगी, आणि खाली जिथे फूल गळून पडलं होतं तिथे तपकिरी-काळा, कोरडा, चामड्यासारखा चट्टा, आत गेलेला. अळी नाही, भोक नाही, कुजका वासही नाही. हा रोग नव्हेच. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचलं नाही म्हणून तिथल्या पेशी मेल्या. इथे लोक चुन्याकडे आणि टरफलांकडे धावतात. पण ताई, माळव्याच्या काळ्या मातीत कॅल्शियम भरपूर आहे. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाण्याचा ओघ मध्येच तुटला की पानं आपला वाटा ओढून घेतात, फळाचं टोक उपाशी राहतं. नळ आला त्या दिवशी बादलीभर आणि मधल्या दिवशी काहीच नाही, या तऱ्हेनेच तुमची फळं काळी पडली. अंड्याची टरफलं अल्कधर्मी मातीत वर्षभर तशीच पडून राहतात. चुन्याने सामू वाढून लोह आणि जस्त अडकतं, म्हणजे नवंच दुखणं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते लोह अडकल्याचं लक्षण.

उपाय आहे रोज थोडं, ठरल्या वेळी. नळाचं पाणी गच्चीवरच्या एका झाकलेल्या ड्रममध्ये साठवा आणि रोज सकाळी त्यातून द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरल्या रोपाला २० लिटरच्या बादलीत दीड-दोन लिटर पुरतं, डिसेंबर-जानेवारीत कधी एक दिवसाआडही चालतं, मार्चमध्ये तीन लिटर आणि संध्याकाळी पुन्हा थोडं. आकडा अंदाजाचा, खरं माप तुमचं बोट. आच्छादन बाजूला सारून तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. टोकाला गार-ओलं लागलं तर थांबा, कोरडं लागलं तर द्या. पाणी बुडाशी, सावकाश, पानांवर नको. बोअरचं पाणी अगदी जड असेल तर पंधरा दिवसांतून एकदा नर्मदेच्या पाण्याने बादली खालून वाहीपर्यंत धुऊन घ्या, साठलेले क्षार निघून जातात. फळ तडकण्याचं कारणही पाण्यातली हीच अनियमितता: वाळलेल्या मातीला एकदम भरपूर पाणी मिळालं की गर फुगतो आणि साल फाटते.

खायला घालण्याच्या बाबतीत हात आखडता ठेवा. सुरुवातीचं मिश्रण चांगलं असेल तर पहिला महिना काही नको. मग दर तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत आणि पंधरवड्याला एकदा पातळ जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं) किंवा पेंडेचं आंबवलेलं पाणी. युरिया अजिबात नको. पानं गर्द हिरवी, खोड जाड, शेंडा आत वळलेला आणि फूल एक नाही, असं रोप दिसलं की कुणीतरी युरिया घातलाय हे ओळखावं. त्याने फळ बुडाशी काळं पडणंही वाढतं. फुलं लागल्यावर पोटॅश उपयोगी पडतं, ०:०:५० या नावाने विरघळणारं पोटॅश खत मिळतं ते लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांनी, मुळाशी. हाडांच्या चुऱ्याची जाहिरात फार असते, पण आपल्या अल्कधर्मी मातीत तो फारसा विरघळत नाही.

उंच वाढणाऱ्या वाणाची बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारे फुटवे, बोटभर असतानाच चिमटून काढा आणि एक किंवा दोन मुख्य खोडं ठेवा. झुडपी वाणाची बगलफूट काढू नका, त्याची फळं तिथेच लागतात. रोप दोन फुटांच्या वर गेलं की जमिनीपासून फूटभरातली पानं काढून टाका, हवा खेळती राहते. वरच्या मजल्यांवर वारा अडलेला असेल तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलांच्या घोसामागे काठीला टिचक्या मारा. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं, त्याला फक्त हादरा हवा असतो.

करप्याचे दोन प्रकार लक्षात ठेवा. खालच्या पानांवर एकात एक वर्तुळं असलेले तपकिरी ठिपके, भोवती पिवळं: हा लवकर येणारा करपा, सावकाश वर चढतो. ती पानं काढा, पाणी पानांवर पडू देऊ नका, वाढलाच तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम. दुसरा उशिरा येणारा करपा, फार घातकी. डिसेंबर-जानेवारीत मावठा पडला, दोन-तीन दिवस ढगाळ आणि धुकट राहिलं की येतो. पानांवर पाण्याने भिजल्यासारखे काळपट डाग, पहाटे पानाखाली पांढरी बुरशी, खोड तपकिरी, आणि तीन-चार दिवसांत रोप उकडल्यासारखं खाली. बटाट्याला हाच रोग होतो आणि माळवा बटाट्याचा मुलूख आहे, बीजाणू वाऱ्याने दूरवर येतात. म्हणून मावठ्याचा अंदाज आला की आधीच तेच तांब्याचं औषध (कॉपर ऑक्सिक्लोराइड) फवारून ठेवा, रोपांवर वरून प्लास्टिक ताणा, बाजू मोकळ्या ठेवा. मोड आलेले बटाटे कुंडीत पुरू नका. फवारलेलं फळ किती दिवसांनी तोडायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा, आणि धुऊन खा.

फळात गोल भोक आणि आत हिरवी अळी, ही हरभऱ्यावरचीच घाटेअळी. उंच आफ्रिकन झेंडूच्या फुलांवर अंडी घालायला ती आनंदाने जाते. मात्र झेंडू टोमॅटोआधी फुलला पाहिजे, म्हणून झेंडूचं बी टोमॅटोच्या बियांआधी तीन आठवडे पेरा. दसऱ्याला घरची फुलंही होतात. पानांवरच्या वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा नागअळीच्या, थोड्या असतील तर पान चिमटून काढलं की झालं. मार्चमध्ये पानं पिवळट ठिपक्यांनी निस्तेज होऊन खाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. पाइपच्या जोरदार धारेने पानांची खालची बाजू तीन-चार दिवस लागोपाठ धुवा. मार्चच्या मध्यापासून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी दुपारच्या बाजूने बांधा.

फळाच्या बुडाला गुलाबी झाक आली की तोडायला हरकत नाही. घरात टोपलीत वर्तमानपत्रावर तीन-चार दिवसांत ते पूर्ण लाल होतं, चवीत फारसं उणं होत नाही, आणि बुलबुल, पोपट, खारी यांच्या तावडीतून सुटतं. एप्रिलच्या उन्हात झाडावर ठेवलेलं फळ तर लालही होत नाही, केशरीच राहतं, कारण ३० अंशांच्या वर लाल रंग नीट बनत नाही. पिकतं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, चव आणि वास जातो.

राहिली तुमची आत्ताची सहा रोपं. मुरडलेली दोन आजच काढा. बाकी चार पावसात करप्याने जाणार, त्यांच्यावर पैसे घालू नका. काढताना मुळं धुऊन बघा: गाठी गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म किडे) आहेत, ती माती टोमॅटो, वांगी, मिरचीला पुन्हा वापरू नका, तिच्यात झेंडू लावा आणि पुढच्या मे महिन्यात ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिनाभर तापवा. गाठी नसतील तर तीच माती खत आणि वाळू मिसळून ओलसर ठेवा, चुना घातला असेल त्या कुंड्यांत खत थोडं जास्त. झेंडूचं बी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, टोमॅटोचं ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात. जाळी मात्र आधी आणून ठेवा, बी रुजल्यावर बाजारात जायला उशीर होतो.